लाल सतरंजी

कुरुळी

प्रिय धनेश,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तू होसूरच्या कंपनीत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. पण चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात घेतलं ते सहीपुरतं, त्यामुळे एक कागद भरायला मला अख्खा दिवस पुरत नाही. फोन करता आला असता. पण मी तोंड उघडलं की तू ‘अण्णा, लाइनवर आहे, नंतर करतो’ म्हणतोस, आणि नंतर माझा राग निवतो. हा राग मला निवू द्यायचा नाही, म्हणून कागदावर उतरवतोय.

तुझं जेवण वेळेवर होतं ना? तिकडे भातच असतो म्हणतात, तुझ्या पोटाला चालतो का? खोलीचा गॅस बंद करून झोपत जा. मला इथे बसल्या बसल्या वाटत राहतं की तू विसरलास. तुझी आई म्हणते, यांना काळजी करायला काही मिळालं नाही तर हे ती विकत आणतील. म्हणू दे. या खेपेला काळजी खरी आहे.

शनिवारी तुझ्या योगिनीच्या शाळेत बैठक आहे. विजयश्री बाईंचा वाचनाचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्यात ठरणार. बंदच होईल असं दिसतंय, आणि माझ्या डोक्याची शीर तडतडतेय.

हा तास काय आहे ते तुला कोणी धड सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. बाई दर पंधरवड्याला एकेका पोराला जवळ घेऊन वाचायला लावतात आणि ते कुठे अडलं ते मोबाइलमध्ये टिपतात. टिपायचे पूर्वीचे गुरुजीसुद्धा. ते आकडे वर जायचे, वरून कोणीतरी शाबास म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला पुन्हा तोच धडा. वर्षभर योगिनीच्या नावापुढे एकच शेरा होता, आणि एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही की ही पोर हलत का नाही. मग टिपता कशाला? विजयश्री बाईंनी पहिल्यांदा ते टिपलेलं उघडून बघितलं. दुसरी, तिसरी, चौथीची पोरं शेवटच्या तासाला एकत्र करून, ज्याचं जिथे अडतं तिथे त्याला बसवलं. जोडाक्षरावर अडणारी एका सतरंजीवर, समजून न घेता धाडधाड वाचणारी दुसरीवर. योगिनी तिसऱ्या सतरंजीवर. ती शब्दाची सुरुवात वाचते आणि पुढचं मनाने ठोकते, असं बाई म्हणाल्या.

मला ते पटेना. मी भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर आठवलं. गच्चीच्या दाराला मालकाने पाटी लावलीय. माझे गुडघे जिना चढत नाहीत आणि तुझ्या आईला वाचता येत नाही. योगिनीने ती वाचून सांगितलं होतं, ‘गच्चीवर पापड वाळत घाला.’ त्या भरवशावर तुझी आई उन्हाळाभर पापड घालत होती आणि मालकीणबाई तोंड फिरवून जातात म्हणून मलाच बोलत होती. दिवाळीनंतर एक दिवस योगिनी वरून धावत आली, ‘आजी, घाला नाही, घालू नयेत आहे!’ तुझ्या आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, बाईंनी उन्हाळ्याच्या आधी शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं. मला मात्र हसताना रडू आलं. ओळीखाली शेवटपर्यंत बोट न्यायचं, एवढंच बाईंनी तिला शिकवलं होतं. पण तिचं कुठे चुकतंय ते आधी कळलं, म्हणून शिकवता आलं.

आणि हे सगळं मोडायला निघालेत ते एका रंगावरून! बाई सांगलीकडच्या, त्यांना इथलं काय माहीत? काळेवाडीच्या दुकानातून मिळाल्या त्या सतरंज्या आणल्या, एक हिरवी, एक पिवळी, एक लाल. पोरं वाचताना छान दिसत होती म्हणून फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. तू ग्रुपवर आहेस, पाहिलाच असशील. आपल्या चाळीतला प्रत्येक बाप कंपनीत. हिरव्या ट्रेमध्ये चांगला माल, पिवळ्यात दुरुस्तीचा, लालमध्ये भंगार. पोरगी लालवर दिसली, आणि का बसवलं ते कोणी विचारलंसुद्धा नाही. वेल्डिंगवाल्या खंडूने लगेच आवाज टाकला, “आमची पोरं काय रिजेक्ट माल हाय व्हय?” त्याखाली अंगठ्यांची रांग. बाईंनी दुसऱ्या दिवशी लाल सतरंजी गुंडाळून ठेवली आणि पोरांना निळ्या चादरीवर बसवलं. तर खंडू फाटकाशी उभा राहून म्हणतो, “ट्रे बदलला म्हणून माल बदलतो का, बाई?” बाई पोरांना घेऊन वर्गात गेल्या. मीच बोललो. म्हटलं, खंडू, तुझ्या कंपनीत माल तपासतात तो मशीनचं माप कुठे सरकलंय ते कळावं म्हणून ना? मग इथे शिकवणं कुठे सरकलंय ते बाईंनी बघितलं तर तुला मिरची का लागली? तो हसला. म्हणाला, “अण्णा, आधी घरात बघा की.”

तेव्हा मला कळलं नाही. संध्याकाळी कळलं. योगिनी सूनबाईचा फोन घेऊन उंबऱ्यावर बसली होती, ग्रुपवरच्या एका ओळीखाली बोट धरून. एका शब्दावर अडली, मागे आली, जोडाक्षर फोडलं, पुन्हा वाचलं. मध्येच ठोकून दिलं नाही, बाईंनी सांगितलं तसं शेवटच्या अक्षरापर्यंत गेली. मी कौतुकाने जवळ गेलो. ‘माझी मुलगी रिजेक्टमध्ये बसणार नाही. तास बंद करा, नाहीतर शाळा बदलतो.’ वर तुझं नाव. धनेश, घरात तिने आपण होऊन धडपणे वाचलेली पहिली ओळ ही. मला विचारते, “अण्णा, पप्पांनी मला रिजेक्ट का लिहिलंय?” तू तिच्याच बाजूने बोललास, हे मला कळतं रे. तिला कसं कळावं? त्या दिवसापासून ती शेवटच्या तासाला चादरीवर बसत नाही, दाराशी उभी राहते. घरात पुस्तक उघडत नाही. शनिवारच्या आत ग्रुपवर लिही की माझं म्हणणं मागे घेतो, तास चालू ठेवा. आणि पोरीला वेगळं चार ओळी लिही. फोनवर बोलू नकोस, लिहीच. ती शेवटपर्यंत वाचेल, म्हणून शेवटपर्यंत नीट लिही. लवकर लिही रे बाबा, सूनबाईचा फोन मी तिच्याजवळच ठेवलाय.

तुझाच,
अण्णा