काळ्या गाडीच्या दारावरचा ओघळ

अहो,

नावाने हाक मारायची सवय कधीच नव्हती, आता नव्याने कुठे लावून घेऊ? तेव्हा अहोच.

आज धायरीचं गॅरेज उघडलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. आपटे सरांची काळी गाडी समोर उभी आहे, तुम्ही रंगवलेली शेवटची. रंगावरचा पारदर्शक कोट आता पुरता वाळलाय. तो पाण्यात भिजवलेल्या पॉलिश-कागदाने घासायचा, मग मशीनने चमकवायचा आणि संध्याकाळी गाडी सरांच्या हवाली करायची. कागद भिजत घातलेत, आणि माझे हात कापताहेत. कापऱ्या हाताने गाडीला शिवायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हणून स्टुलावर बसून तुम्हाला लिहितेय. हात थांबेपर्यंत.

खरं सांगू? मी चिडलेय तुमच्यावर.

मागच्या दारावर, हँडलच्या खाली, ओघळ आलाय. चांगला करंगळीएवढा. तुमच्या हातून ओघळ! जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या बघून मला कोपराने ढोसलंत, "बघ, रंग मारलाय का आमटी वाढलीया?" आणि हे काय मग?

रंगाची गन एका जागी क्षणभर थांबली की ओघळ येतो, हे तुम्हीच शिकवलंत मला. म्हणजे तुम्ही तिथे थांबला होतात. छातीत कळ आली ती तिथे, हो ना? आणि हँडलच्या पुढे पुन्हा सगळं कसं सपाट, एकसारखं! म्हणजे कळ आली, थांबलात, आणि गन उचलून दार संपवलंत. मी रंगकामाच्या पडद्यापलीकडे बादलीशी होते. एक हाक मारायला किती वेळ लागतो हो? दार संपवलंत, वर गनसुद्धा धुतलीत आणि बाहेर येऊन म्हणालात, "जरा पाणी दे." मग रिक्षा, मग दवाखाना, आणि मग काहीच नाही.

गन कसली धूत बसलात?

सकाळी बापूभावजी आले. तुमचा धाकटा भाऊ, पोचे काढण्यात वस्ताद, पण रंगाच्या बाबतीत अधीर. ओघळावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्यो लय जाड हाय. घासायला जाल अन् बाजूचा कोट उडंल. त्यापरीस दार परत मारू की. हाय काय अन् नाय काय."

"नाही," म्हटलं.

"का पण?"

"परत मारायचं म्हणजे आधी ह्यांचं खरवडायचं."

त्यावर त्यांनी दारावरचं बोट काढून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बरं, मशीन तरी माझ्याकडं द्या. कडेला तुम्ही कधी चालवलीया का?"

बरोबरच आहे त्यांचं. कधी चालवू दिलीत तुम्ही? घासणं माझं, दाराचं पोट माझं, पण कड आली की मशीन माझ्या हातातून काढून घ्यायचात. कडेला कोट पातळ असतो, मशीन जरा रेंगाळली की भाजून उडतो. इतक्या वर्षांत एकदासुद्धा "आज तू कर" म्हणाला नाहीत! आता सांगा, मी काय करू?

अजून एक आहे. सांगू की नको, कळत नाही.

दाराशी खिळा आहे ना, बांगड्यांचा? अंगठी, घड्याळ, बांगड्या, जे काय रंगाला ओरखडा काढेल ते सगळं खिळ्याला, आणि मगच आत. आपटे सरांनासुद्धा पट्टा काढायला लावला होतात, ते म्हणाले होते, "गाडी माझी, पट्टा माझा, आणि अपमानही माझाच!" त्या दिवशी माझ्या हिरव्या बांगड्या तिथेच राहिल्या आणि मी तशीच रिक्षात बसले. पुढे घरी बायका जमल्या, तेव्हा हात आधीच मोकळे! कात्रजहून आलेल्या वन्सं म्हणाल्या, "अगंबाई, कुणी काढल्या गं हिच्या, एवढ्यातच?" "खिळ्याला आहेत," एवढंच म्हटलं मी. सगळ्यांना वाटलं, मला शोक झेपत नाहीये.

आज शटर वर केलं तर त्या खिळ्यालाच होत्या. धूळ बसलेली. हात लावला नाही मी. त्यांचं काय करायचं असतं आता?

हात थांबलेत वाटतं. उठते.

—

पुन्हा बसलेय. ऊन उतरलंय. ऐका.

तुमच्या पद्धतीने शाळेचं खोडरबर घेतलं, त्याला कागद गुंडाळला आणि नुसता ओघळाचा माथा घासायला सुरुवात केली. पांढरं पाणी येतंय तोवर वरचाच कोट निघतोय. काळं आलं की खालचा रंग उघडा पडला, दार गेलं. पांढरं, पांढरं, पांढरं. दर घासणीला पुसून बघत होते. ओघळ बसत चालला होता. आणि मला वाटत होतं, बसू नये. तुम्ही शेवटचे जिथे थांबलात ती जागा मीच माझ्या हाताने घासून काढतेय, हे कुणाला सांगून पटेल का? पण ठेवला असता, तर तुमच्या नावावर ओघळ राहिला असता. ते तुम्हाला चाललं असतं?

आणि मग पाण्यात काळी रेघ आली.

मी दगड झाले. बापूभावजी उंबऱ्यावर उकिडवे बसले होते, ते उठून उभे राहिले. फडकं उचलायचासुद्धा धीर होईना. शेवटी डोळे मिटून पुसलं आणि उघडून बघितलं. कोट जागेवर होता! दाराच्या काळ्या रबराला कागदाचा कोपरा लागला होता, त्याचा रंग सुटला होता. रबराला टेप लावायला विसरले होते मी. तुम्ही असतात तर काय बोलला असतात, ते इथे लिहीत नाही.

मग बारीक कागद, त्याहून बारीक कागद. सगळं दार पाटीसारखं भुरकट झालं. ही वेळ मला अजून आवडत नाही. चांगली गाडी आपणच बिघडवून ठेवल्यासारखी वाटते.

कडांना टेप लावली आणि मशीन उचलली. दाराचं पोट चमकत आलं, काही अडचण नाही. मग टेप काढली आणि कड आली. सवयीने थांबले मी, तुम्ही हातातून काढून घ्याल म्हणून! मशीन फिरतेय आणि मी आपली उभी. "वहिनी?" बापूभावजी म्हणाले. "मी धरू?"

"तिथेच थांबा," म्हटलं. वेग कमी केला. हलक्या हाताने, कुठेही न रेंगाळता, कडेकडून गेले. पुन्हा पुन्हा हाताची मागची बाजू लावून बघत होते, पत्रा तापला तर नाही ना. कोमटच होता. श्वास कधी घेतला, आठवत नाही. मशीन बंद केली तेव्हा खांदे असे भरून आले होते की हात खाली येईनात.

"ट्यूबलाइट खोटं बोलती, ऊन नाय," म्हणायचात ना? गाडी ढकलून उन्हात काढली. तेवढ्यात सर आलेच. न सांगता पट्टा काढून खिळ्याला अडकवला. बापूभावजींनी सकाळी घाबरून त्यांना फोनवर ओघळाचं सांगून ठेवलं होतं. सर चष्मा लावून गाडीभोवती फिरले, वाकले, पुन्हा फिरले.

"कुठं होता तो ओघळ?" म्हणाले. "दाखवा तरी. तक्रार करायचं ठरवून आलोय, मोकळ्या हाताने कसा जाऊ?"

मी बोट ठेवायला गेले. आणि अहो, मला सापडेना! हँडलखाली नुसतं आभाळ दिसत होतं, आणि माझं तोंड. बोट फिरवलं, सगळं सपाट. तिथे रडले मी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, भर उन्हात, गिऱ्हाइकासमोर. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. जाताना म्हणाले, "त्यांना कळवा, काम पसंत आहे." कळवलं.

गाडी गेली. बांगड्या खिळ्यावरून काढल्या, नळाखाली धुतल्या आणि हातात घातल्या. बापूभावजी बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि शटर ओढायला गेले. वन्सं काय म्हणायचं ते म्हणोत.

उद्या उघडतेय गॅरेज. सकाळी बांगड्या खिळ्याला, संध्याकाळी पुन्हा हातात. कड आली तरी मशीन कुणाला देणार नाही. पण तुम्हाला एक वचन देते, आणि ते तुमच्यावर रागावूनच देते: मला कुठे दुखलं, तर मी मशीन बंद करीन आणि मोठ्याने हाक मारीन. दार अर्धं राहिलं तरी चालेल.

तुमचीच,
सुलभा