दोन व्हॉल्व्ह, एकच रेझिस्टन्स

आबा,

तीर्थरूप वगैरे काही लिहीत नाही. तुम्ही जाऊन आठ महिने झाले, एवढ्या दिवसांत तुम्हाला लिहायचं कधी सुचलं नाही. आज लिहितेय, कारण आज मला तुमची शिसारी आलीय. माझी तर त्याहून जास्त.

नगरचे गिटारवाले सर आठवतात ना? चर्चच्या गायनात वाजवतात ते. परवा त्यांचा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन श्रीगोंद्याला आपल्या दुकानात आले. ऐन गाण्यात जळका वास सुटला म्हणे, आणि आवाज गेला. मी तो उघडला आणि नाकाला ओढणी लावली. एक पॉवर व्हॉल्व्ह मेलेला, दुसरा तापून जळालेला, खालची पट्टी कोळसा. आणि दोघांच्या कॅथोडला मिळून करंट आवरायला एकच रेझिस्टन्स! शेजारी कथलाचे ओघळ, थेंब, करपल्याच्या खुणा. कुणी शेंबूड पुसून ठेवावा तसं ते काम!

हे आपल्या दुकानात? दोन व्हॉल्व्ह म्हणजे दोन रेझिस्टन्स, हा तुमचा कायदा होता ना? एकात भागवणारे पुष्कळ आहेत, आवाजही येतो. पण तुम्ही म्हणायचात, "ज्येचा त्येला आसावा. येक मेला की समदा भार दुसऱ्यावर, मग त्योबी जातोय." अगदी तसंच झालं होतं.

"कुणी केलं हे?" सरांनी विचारलं. मला आठवावंही लागलं नाही. मागच्या खेपेला हाच ॲम्प दुरुस्त होऊन गेला, तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, "रंगूनं केलाय." रंगूकाका समोरच उसाच्या ट्रॅक्टरचा टेप खोलून बसले होते. तीस वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस! मी सरांदेखत म्हणाले, "काका, आबांच्या दुकानात बसून ही घाण करताना लाज नाही वाटली?"

त्यांनी हातातला टेप खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हय शैला, चुकलं. डोळं आता काम देत न्हाईत." चष्म्याची डबी खिशात घातली आणि काष्टीच्या एसटीनं गावी निघून गेले. काल-आज आलेच नाहीत.

आज तो जळका रेझिस्टन्स काढायला बसले. त्याच्या तारेला जोडाच्या टॅगभोवती दोन वेढे दिलेले, पण उलट्या बाजूनं. आबा, या दुकानात डावखुरं कोण होतं?

मग सगळंच दिसलं. दुसऱ्या रेझिस्टन्सच्या जागेवरचे ते ओघळ म्हणजे बेफिकिरी नव्हतीच. तुमचा हात तिथं टेकतच नव्हता. किती वेळा प्रयत्न केलात हो? शेवटी एकातच भागवलंत, पण त्याचे ओहम बरोबर निम्मे आणि वॉट दुप्पट, दोघांना मिळून लागतात तसे. डोकं मात्र शाबूत होतं!

तुमचा हात थरथरायला लागल्यावर सोल्डरिंग आयर्न मीच काढून घेतलं होतं. "आबा, बास आता. लोकांच्या वस्तू बिघडवू नका," असं भर दुकानात म्हणाले होते. तुम्हालाही भर दुकानात, काकांनाही भर दुकानात. थू माझ्या जिभेवर!

पण तुम्ही? स्वतः चोरून केलेल्या कामाला रंगूकाकांचं नाव लावलंत? पोटच्या पोरीच्या भीतीनं? आणि तो भला माणूस तुमच्या माघारीही गप्प बसला. मेलेल्याची अब्रू झाकायला जित्या माणसानं तोंड काळं करून घ्यायचं का? मला दोघांची कीव आली आणि मग माझीच किळस आली.

उद्या सकाळी काष्टीला जाणार आहे. काकांच्या पाया पडेन, शिव्या देतील त्या खाईन. त्यांना दुकानात आणून दोन नवे रेझिस्टन्स त्यांच्याच हातानं बसवून घेईन. आणि सर ॲम्प न्यायला आले की काकांना बोलले त्याच तोंडानं, काकांसमोर सांगेन, "ते काम आमच्या आबांचं होतं. मी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं होतं, म्हणून चोरून केलेलं."

तुमचं नाव जाईल थोडं. माझंही जाईल. जाऊ दे. काकांच्या डोक्यावर आता आपला भार ठेवणार नाही. ज्याचं त्याला, तुम्हीच शिकवलंत.

तुमची तोंडाळ लेक,
शैला