पोमाच्या आईचा शितो

टेचिमान,
मंगळवार, १२ मार्च २०१९

पोमास,

बरी असशील. मीही आहे, मेले असते तर निरोप आला असता. इथे ऊन फार आहे, मिरची वाळायला चांगलं. पत्र मीच लिहितेय, कोनादूला लिहायला दिलं नाही. अक्षर लागेल तसं लाव.

तुझ्या भावाची ही पोर आता फार शहाणी झालीय. अक्राच्या एका मोठ्या दुकानाला माझा शितो हवाय, पण बाटलीवर नाव पाहिजे आणि नावामागे नोंदलेली कंपनी. चाळीस वर्षं लोकांनी माझी चटणी बिननावाची चाटली, कोणी दगावलं नाही. असो. तिने फॉर्मवर लिहिलं, 'आबेनाचा शितो'. कचेरीतल्या कारकुनाने तो परत केला.

"आजी, हे नाव आधीच कोणीतरी घेतलंय," कोनादू मला म्हणाली.

"घेणारच. मंगळवारी जन्मली ती आबेना. अर्धा बाजार मंगळवारचा आहे."

मग कोनादूने 'गोल्डन रॉयल फूड्स' काढलं. मी म्हटलं, "चटणी विकायचीय की शवपेट्या?"

कारकून हसला. "बाजारात तुम्हाला हाक काय मारतात?"

"पोमाची आई," कोनादूच बोलली.

त्याने शोधलं. हे नाव मोकळं होतं. पण जिचं नाव कंपनीला द्यायचं, तिची लेखी संमती हवी म्हणाला. "पोमा कुठे असते?"

मी म्हटलं, "पोमा नाही आता."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

"आजी!" कोनादू किंचाळली. "आत्या उत्तरेत तामालेला आहे, चांगली जिवंत आहे!"

अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

तर फॉर्म सोबत आहे. फुली मारलीय तिथे सही कर. महिनाअखेरपर्यंत नाव राखून ठेवलंय, त्यानंतर दुकानवाला दुसरीकडे जाईल. नको असेल तर नको म्हण, मी दुसरं काही घेईन. बाजारातल्या बाया मात्र ऐकायच्या नाहीत. तू गेल्यावरही पाच वर्षं त्या तीच हाक मारतात आणि मी 'ओ' देते.

तुझ्या मुलीच्या बारशाला मी कळवलं होतं की पाय सुजलेत. पाय ठणठणीत होते. त्या दिवशी मी दोन पाट्या मिरची कुटली. मला उत्तरेकडचा जावई नको होता, दुसरं काही नाही. तो तुला नीट वागवतो असं कानावर येतं. मग चूक माझी. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आठव्या दिवशी तिच्या जिभेवर पाणी ठेवून कोणतं नाव घेतलंत, ते मी आजवर कोणाला विचारलं नाही. सही केली नाहीस तरी चालेल, तेवढं लिही.

तिची आजी,
आबेना