खंडेनवमीचा सर्व्हर

प्रिय दानू,

मजेत असशील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण आईने लेकराशी खोटं कशाला बोलावं? सात रस्त्यावरच्या आपल्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या धनाजीची खुर्ची रिकामी आहे. अप्पांनी त्याला काढलं. मोहोळला घरी बसलाय. एकदा निष्काळजी म्हणून नाव झालं की सोलापुरात त्याला कोण दारात उभं करणार? सध्या सर्व्हरचं काम तुझे अप्पा स्वतः करतात, म्हणजे त्याच्याकडे बघत बसतात.

आपला धंदा तुला माहीतच आहे, लॅबचे रिपोर्ट आपल्या सर्व्हरवरून दवाखान्यांत जातात. दसऱ्याच्या आधी धनाजीने सांगितलं, की ज्या डेटाबेसवर हे सगळं चालतं त्यात एक खोट सापडलीय. बाहेरून कुणीही, पासवर्डसुद्धा नसताना, मुद्दाम एक वाकडी विनंती पाठवली की सर्व्हर जागच्या जागी बसतो. चोरी होत नाही, नुसतं दुकान बंद पडतं. मी म्हटलं, मग एवढं काय त्यात? आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती पाठवली होती, पण ती लावायला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागणार होता आणि लॅबवाले एरवी पाच मिनिटंही ऐकत नाहीत. खंडेनवमीला मात्र तेही यंत्रं पुजून बंद ठेवतात, म्हणून तो दिवस ठरला.

आणि त्याच सकाळी मी ऑफिसात जाऊन सर्व्हरची पूजा केली. विभूती लावली, झेंडूचा हार घातला, पुढे पेढा ठेवला. धनाजी आला आणि कीबोर्ड ओढायला लागला, तशी मी त्याच्यावर खेकसले. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, तुझ्या आईने एवढंही शिकवलं नाही का? "काकू, आज सगळ्या लॅब बंद हायत की. आज न्हाय लावलं तर परत सवड कुटली मिळायची?" बिचारा विनवत होता. अप्पा तिथेच होते. म्हणाले, राहू दे रे, दिवाळीत बघू. माझा शब्द राखला म्हणून मी केवढी खूश!

दिवाळीपर्यंत कोण थांबतंय? कुणा टवाळाने तसली विनंती पाठवली आणि सर्व्हर बसला. उठवला की पुन्हा बसायचा. डेंग्यू झालेल्या एका पोरीचा प्लेटलेटचा रिपोर्ट दवाखान्यात पोचेना, तिचा बाप लॅबच्या दारात रडत होता. पोरगी वाचली, ती देवाची कृपा, आपली नव्हे. संध्याकाळी लॅबवाले ऑफिसात जमले. त्यांच्यासमोर अप्पा म्हणाले, दुरुस्ती लावायचं काम धनाजीचं होतं, त्याने लावली नाही. धनाजीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आपली पाण्याचे ग्लास भरत राहिले. "चुकलं माझं," एवढंच बोलून त्याने बॅग उचलली.

पूजा मी पुढच्या वर्षीही करीन. पण त्या पोराने माझं नाव घेतलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. अप्पांना रागवावं तर कुठल्या तोंडाने?

परवा तू फोन केलास, की धनाजीने तुमच्या कंपनीत अर्ज केलाय, साहेब विचारताहेत, माणूस कसा आहे? फोन स्पीकरवर होता. अप्पा म्हणाले, नको, निष्काळजी आहे. मी शेजारी मेथी निवडत होते आणि तेव्हाही गप्प बसले. म्हणून हे लिहितेय. साहेबांना सांग, दुरुस्ती लावायला तो आला होता, मालकिणीने त्याला अडवलं. त्यांना खात्री करायची असेल तर माझा नंबर दे. फोन मी स्पीकरवरच ठेवीन, अप्पांसमोर.

तुझीच,
अव्वा