चाकांमधली तारीख

गुरुवार, ९ मे

प्रिय हिलरी,

नाही, ते छोटं रेल्वे इंजिन हरवलेलं नाही. वृद्धाश्रमातल्या कुणी उचललं नाही, आणि तुमच्या बाबांनी ते विकलं तर मुळीच नाही. डबा रिकामा सापडल्यावर तुम्ही सगळं कपाट उपसलं असणार. सॉरी. ते माझ्याकडे आहे, मार्चपासून. आत्ता मी लिहितेय त्याच टेबलावर, डाव्या हाताला, जुन्या टॉवेलवर ठेवलंय.

हे आधी सांगून टाकलं. आता रीतसर सुरुवात करते. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे. ब्रिस्टलहून इतक्या लांब गाडी चालवत येणं, घर आवरणं, वर सगळ्यांना पत्रं लिहिणं, हे सगळं तुम्ही एकट्याच करताय. मला पत्र लिहायची काही गरज नव्हती, तरी लिहिलंत. थँक यू.

मला तुम्ही एकदाच पाहिलंय. नाताळात आश्रमाच्या दारात भेटलो होतो आपण. नखांत तपकिरी रंग अडकलेली मुलगी ती मीच. "ही रॉबिन, हिला मळ आवडतो," अशी बाबांनी ओळख करून दिली होती.

मॉडेल रेल्वे क्लबची बातमी सांगते. मंगळवारी आम्ही सगळे चॅपलच्या हॉलमध्ये जमलो. क्लिफसाठी, तुमच्या बाबांसाठी, एक मिनिट शांत उभं राहायचं ठरलं होतं. सेक्रेटरी नॉर्मननी मुख्य बटण बंद केलं आणि टेबलावरच्या आमच्या छोट्या गावातल्या सगळ्या गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दहा सेकंद झाली नसतील, नॉर्मन म्हणाले, "छे, हे नाही चालणार. मालगाडी अर्धी बोगद्यात अडकलीये. क्लिफ शिव्या देईल." मग परत बटण चालू, मालगाडी बाहेर काढली, बाजूच्या रुळावर लावली आणि मग पहिल्यापासून एक मिनिट. कुणी हसलं नाही. एरवी हसलो असतो.

बाबांची खुर्ची अजून तिथेच आहे, चहाच्या किटलीपाशी. तिच्यावर कुणी बसत नाही, पण कोट मात्र सगळे तिच्यावरच टाकतात.

मी क्लबमध्ये गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. कोळशाचा एक मालडबा घेऊन गेले होते, स्वतः रंगाने गंजवलेला. मला वाटत होतं, काय भारी काम केलंय! क्लिफनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा नाकाला लागेल इतका जवळ धरला आणि म्हणाले, "काय गं पोरी, ह्याच्यावर मुरंबा सांडला का?"

सगळा हॉल हसला. मी रडायच्या बेतात होते. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस. गंज नारिंगी नसतो. तो आधी काळपट, मग तपकिरी, आणि नारिंगी अगदी कडेला, आज सकाळी फुटल्यासारखा. आणि तो कुठेही येत नाही. पाणी कुठे साचतं ते बघ."

पुढची चार वर्षं मी तेच बघत होते. पाणी कुठे साचतं, राख कुठे बसते, ब्रेकचा भुगा चाकांवर कसा उडतो. पातळ रंग लावायचा आणि रुंद ब्रशने वरून खाली पुसून काढायचा, म्हणजे खाचांत तेवढा उरतो. ओल्या रंगावर मीठ टाकायचं, सुकलं की खरवडायचं, खाली गंजाचे पोपडे तयार. काजळीची भुकटी मऊ ब्रशने. आणि बाबांचं नेहमीचं वाक्य, "माणसाचा हात कुठे लागतो ते विसरू नकोस. तिथे गाडी स्वच्छ असते." दाराची कडी, चढायचा दांडा. बाकी सगळं मळवलं तरी तेवढं मी कायम चकचकीत ठेवते.

बघा, मी परत कामाबद्दलच बोलत सुटले. तुम्ही विचारलंय इंजिनाबद्दल.

मार्चच्या सुरुवातीला क्लिफनी ते माझ्याकडे दिलं. "चालताना अडखळतंय. मला चाकं दिसत नाहीत आता, तू बघ," म्हणाले. त्यांचे डोळे किती गेले होते ते तुम्हाला माहीतच आहे. समोर कुणीतरी आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. मी चाकं साफ केली, एक तार तुटली होती ती डाग देऊन जोडली. अर्ध्या तासाचं काम.

आणि मग त्यावर अजून थोडं काम केलं.

थोडं नाही. हिलरी, मी ते मळवलं.

काय झालं तर, ईस्टरच्या शनिवारी आमचं प्रदर्शन होतं. सगळ्या मांडणीत एकच इंजिन असं चमकायचं, बाबांचं. बाकीची कशी, कोळसा खाऊन आल्यासारखी. लोक दरवर्षी विचारायचे, "हे काल दुकानातून आणलंत का?" क्लिफ नुसते हसायचे. मला वाटायचं, डोळे अधू झाल्यामुळे त्यांचं हे काम राहून गेलंय. शिकवलं त्यांनीच, आता मी पूर्ण करीन. सरप्राइझ द्यायचं होतं मला.

माझ्याकडे फोटो होता. त्याच नंबरच्या खऱ्या इंजिनाचा, सप्टेंबर १९६४ मधला. इंजिनावरचा नंबर वाचता येत नाही इतकं घाणेरडं; तो फोटोच्या मागे लिहिलाय. बॉयलरवर पाण्याचे पांढरे ओघळ, धुरांड्याखाली राख. तो समोर ठेवून तीन शनिवार काम केलं. रंग, वरून मॅट वार्निश, म्हणजे हात लागला तरी निघणार नाही. प्रदर्शनाच्या सकाळी बॉयलरवर काजळीचा शेवटचा हात तेवढा दिला. त्यावर वार्निश मारायला वेळ उरला नाही.

आता आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला नीट कळणार नाही. आम्ही नुसतं इंजिन बनवत नाही, एका दिवशीचं इंजिन बनवतो. त्या दिवशी ते जसं होतं तसं. आणि तो दिवस पोटाखाली, चाकांच्या मधे, पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवतो. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायच्या आधी ती उलटी करायची आणि तारीख वाचायची. पहिल्याच महिन्यात शिकवतात हे. चहा कुणी करायचा हे ठरायच्याही आधी.

चाकं साफ केली तेव्हा गाडी उलटीच होती माझ्या हातात. पट्टी मला दिसली होती. पण मी वाचली नाही. माझ्याकडे फोटो होता ना.

प्रदर्शनात मळवण्याचं पहिलं बक्षीस त्या इंजिनाला मिळालं. निळ्या फितीचं फूल. दुपारी ब्लेसिंग, आश्रमातली ती उंच नर्स, क्लिफना व्हीलचेअरवरून घेऊन आली. त्यांनी टाय लावला होता. मी इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "क्लिफ, ओळखा बघू मी काय केलंय!"

त्यांनी दोन्ही हातांत धरलं. मग उजवा अंगठा धुरांड्यापासून मागे केबिनपर्यंत हळूच फिरवला. एकदाच.

"चाकं फिरतात नीट?" ते म्हणाले.

"मस्त फिरतात. पण तुम्ही..."

"बरं झालं." मग खिशातून रुमाल काढला, अंगठा पुसला, रुमालाची घडी घातली, परत ठेवला. "चहा मिळेल का गं?"

मी चहा आणला, दोन चमचे साखर घालून. निघताना मी इंजिन डब्यात घालायला लागले तर म्हणाले, "राहू दे. तुझ्याकडेच राहू दे ते." रिकामा डबा ब्लेसिंगने परत नेला. मला वाटलं, मला भेट दिलं. खोटं कशाला सांगू, मी आनंदाने उडत होते.

संध्याकाळी आवराआवर करताना नॉर्मननी ते उचललं. सवयीने उलटं केलं. पट्टी वाचली.

"पोरी, हे वाचलंस?"

"काय?"

"ये इकडे."

२९ ऑगस्ट १९६४. खाली क्लिफच्या बारीक अक्षरांत, "बाबांची शेवटची पाळी."

तुम्हाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ असेल. मला नॉर्मननी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. तुमचे आजोबा त्या इंजिनाचे ड्रायव्हर. क्लिफ तेव्हा सोळा वर्षांचे, शेडमध्ये सफाईला. वाफेच्या गाड्या बंदच व्हायच्या होत्या, त्यामुळे इंजिनं पुसायची पद्धतच संपली होती. पण आदल्या दिवशी क्लिफ आणि आणखी चौघं काम सुटल्यावर थांबले आणि रॉकेलच्या बोळ्यांनी ते पूर्ण इंजिन घासलं, चाकांच्या आऱ्यांपर्यंत. सकाळी तुमचे आजोबा आले, इंजिनासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं कुठंय?" नॉर्मन सांगतात, क्लिफ ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबायचे.

त्या दिवसाचा फोटो कुणी काढला नाही. माझ्याकडचा फोटो तीन आठवड्यांनंतरचा. तो दिवस दाखवणारं स्वच्छ इंजिन फक्त एवढं एकच होतं, तुमच्या बाबांनी बनवलेलं.

"तू त्यांना सांगायला हवं," नॉर्मन म्हणाले. "उद्याच जा."

मी गेले नाही.

चार वर्षांत मी एक रविवार चुकवला नव्हता. दुपारी दोन वाजता, त्यांना आवडतो तो आल्याचा केक घेऊन. मी गाड्यांची मासिकं वाचून दाखवायची, ते चुका काढायचे. ईस्टरच्या रविवारी मी तब्येतीचं कारण सांगितलं. पुढच्या रविवारी बेकरीत जादा पाळी घेतली, मागून घेतली. मग फोन करणंही अवघड झालं. जितके दिवस जात होते तितकं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. असे पाच रविवार. सहावा आला तेव्हा क्लिफना जाऊन दोन दिवस झाले होते.

मी ब्लेसिंगला फोन केला. विचारलं, ते माझ्याबद्दल काही बोलले होते का. ती म्हणाली, "नाही गं. रविवारी दाढी करून बसायचे तेवढं. चारपर्यंत. मग म्हणायचे, बूट काढ आता."

मी खरं तर हे पत्र चार ओळींचं लिहिणार होते. इंजिन सापडलं, शुक्रवारी घेऊन येते, एवढंच. पण तुमच्या पत्रात ते वाक्य होतं. आई इंजिनावर रेघा ओढायची तेव्हा तुम्ही टॉर्च धरून बसायचात, आणि आई पेन उचलेपर्यंत तिघांनीही श्वास घ्यायचा नाही. त्या घरात तेवढाच वेळ भांडण नसायचं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचल्यावर चार ओळी लिहिता येईनात.

त्या रेघा आहेत, हिलरी. मळाखाली आहेत. लाल, मग दुधाळ, मग करडी. ऑड्रींचा, तुमच्या आईचा, हात किती स्थिर होता ते भिंगातून बघते तेव्हा माझा श्वास आपोआप थांबतो. परवा मी कापसाच्या काडीने, रंग काढायचं औषध लावून, केबिनच्या खालच्या कोपऱ्यात मळ काढून पाहिला. निघतो. पण त्याच्याबरोबर दुधाळ रेघही निघाली. नखाएवढी. मी लगेच थांबले. म्हणजे आता असं आहे, की साफ केलं तर तुमच्या आईच्या रेघा जातील, आणि तसंच ठेवलं तर बाबांचा तो दिवस गेलेलाच आहे. नॉर्मनना विचारलं. ते म्हणाले, "मला विचारू नकोस. गाडी ज्याची, त्याला विचार." आता ती तुमची आहे.

मी काही करत नाहीये. पुढच्या शुक्रवारी, सतरा तारखेला, अंत्यविधीला आहे तसं घेऊन येईन, टॉवेलात गुंडाळून. चर्चच्या दाराशी तुमच्या हातात देईन. त्यांच्या हाताजवळ शवपेटीत ठेवायचं, घरी न्यायचं, की मला दोन शब्द ऐकवून परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. मला काहीही चालेल.

एकच गोष्ट अजून सांगायची राहिलीये. सकाळपासून मी तीच टाळतेय.

बॉयलरच्या वरच्या काजळीला वार्निश नव्हतं, हे वर लिहिलंय. त्यामुळे त्यांचा अंगठा जिथून गेला तिथे ती निघाली आहे. धुरांड्यापासून केबिनपर्यंत एक पट्टा, अंगठ्याएवढा रुंद, बाकीच्यापेक्षा उजळ. त्याच्या कडेला माझा हात लागू नये म्हणून मी इंजिन फक्त चाकांना धरून उचलते. तो पट्टा मी रोज बघते. मला त्यातून काहीच कळत नाही.

त्यांना दिसत नव्हतं. पण त्या हातांनी साठ वर्षं इंजिनं पुसली होती. भुकटी बोटाला लागली की काय असतं ते त्यांनीच मला शिकवलं. तरी ते काही बोलले नाहीत. चाकांचं विचारलं, रुमाल काढला, चहा मागितला. आणि नंतर पाच रविवार दाढी करून बसले. मला खडसावायला बसले असतील, की नेहमीसारखं मासिक ऐकायला?

तुम्ही त्यांची मुलगी आहात, तुम्हाला त्यांचं गप्प बसणं माहीत आहे. अंगठा पुसताना त्यांना कळलं होतं का? तुम्हाला काय वाटतं?

तारीख न वाचलेली,
रॉबिन