टोपीचं पान

मी, आयली लाहतिनेन, कै. अर्व्हिड लाहतिनेन यांची पत्नी, वय एक्याऐंशी, व्यवसाय कादंबऱ्या लिहिणे, राहणार टू हार्बर्स, मिनेसोटा, कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहतं घर, मागची सौना म्हणजे वाफेची न्हाणी आणि बँकेतली शिल्लक मुलगी मार्लिस हिला. सौनाच्या चुलीत ओली लाकडं घालायची नसतात, हे जावयाला पुन्हा एकदा सांगावं.

२. टाइपरायटर गावच्या वाचनालयाला. काचेच्या पेटीत ठेवू नये. पोरांना बडवू द्यावा.

३. पुस्तकांचे हक्क मार्लिसला, एका अटीवर. अट कळावी म्हणून जे घडलं ते लिहिते.

माझा मुलगा रेइनो एकोणिसाव्या वर्षी सुपीरियर सरोवरात बुडाला. वारा उठणार हे ठाऊक असून माझे धाकटे दीर तोइवो त्याला होडीवर घेऊन गेले. परतले एकटेच. निथळत स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, माझी टोपी गेली." एवढंच.

पुढे एका कादंबरीत मी हे जसंच्या तसं लिहिलं. संपादिका म्हणाली, "आयली, असं कोण बोलतं अगं? वाचकाला पटणार नाही. त्याला रडू दे. बाईला त्याला माफ करू दे." मी भांडले, हरले. पुस्तकातला दीर पायाशी कोसळून रडतो. बाई त्याला उठवून कॉफी पाजते. ते पान वाचून अनोळखी बायका माझ्या गळ्यात पडल्या. तोइवोंनीही वाचलं. आता ते चर्चमध्ये सांगतात, "मी वहिनींच्या पायाशी रडलो होतो." खोटं बोलत नाहीत, त्यांना तसंच आठवतं. मी मात्र त्यांना माफ केलेलं नाही.

अट अशी: तोइवो हयात असेतो त्या पुस्तकाला हात लावू नये. त्यांच्यामागे जी आवृत्ती निघेल तिच्यात टोपीचं मूळ पान छापावं. कुणाला पटो न पटो. मार्लिस म्हणते, "आई, मग बिचाऱ्या तोइवोकाकांचं मागे काय उरेल गं?" अट कायम.

४. तोइवोंना काही देत नाही. त्यामुळे साक्षीदार म्हणून ते चालतात, असं वकीलबाई म्हणाल्या. काल विचारलं, तर बर्फाचं फावडं भिंतीला टेकवून बघतच राहिले. "मी? म्हणजे वहिनी, तुमचा माझ्यावर विश्वास आहे?" डोळे भरून आले, ते बाहीला पुसले.

"मजकूर वाचायचा नसतो भावजी," मी म्हटलं. "सही खरी असली की झालं."

टू हार्बर्स, ९ फेब्रुवारी २००४
सही: आयली लाहतिनेन

समक्ष सही केली:
१. लॉइस ग्रोनबर्ग, शेजारीण
२. तोइवो लाहतिनेन, दीर