भाचीचे कांगारू आणि माझी डावी चप्पल

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा दुखावल्यामुळे सध्या फक्त शिर पाठवतो; उरलेली अंगे मागाहून.) तुझा खोकला गेला का? भाऊजींच्या घोरण्याची चौकशी करत नाही, ते इथवर ऐकू येते.

आता गंभीर विषय. माझी घरात घालायची डावी चप्पल बेपत्ता असून, उजवी दाराशी एकटीच वाट पाहत बसते. संशय अर्थातच तुझ्या लेकीवर आहे.

ती माझ्याकडे राहून नेमके करते काय, असे विचारून तू ‘तिला समजावून घरी पाठव’ असेही लिहिलेस. कांगारू उडी मारायला केव्हा शिकले, ते ती शोधते. त्यांचे काही पूर्वज म्हणे चारी पायांवर शहाण्यासारखे चालत. मग कुणाच्या तरी टाचेचे हाड बदलले आणि वंश उड्या मारू लागला. (आपल्या घराण्यात हे तुझ्यापासून सुरू झाले, शाळेची भिंत आठव.) माझ्या स्वयंपाकघरात हल्ली कपबशांपेक्षा त्या जुन्या हाडांवरून साच्यात काढलेल्या प्लास्टरच्या टाचाच जास्त. परवा एकीवर मी गरम पातेले टेकवले, तर म्हणते, “मामा, ते हाड लाखो वर्षांपूर्वीचं आहे.” म्हटले, पातेलेही तुझ्या आजीचे आहे.

पुढे तिला तुलनेसाठी उडीकरिता मुळीच न घडलेला प्राणी हवा होता. फार शोधावा लागला नाही. तिने माझ्या डाव्या चपलेखाली रबराची जाड पट्टी चिकटवली (कांगारूचे स्नायुबंध असेच ताणून उसळतात म्हणे) आणि मला बोळात उभे केले. संस्कृत व्याकरणाचे नियम मधली सूत्रे ओलांडून बेडकासारखे पुढे उडी घेतात, हे मी जन्मभर वर्गात शिकवले. स्वतः प्रथमच उडालो, आणि थेट चपलांच्या कपाटात उतरलो. खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर वर आले. “सर, काय चाललंय?” मी पडल्यापडल्या म्हणालो, “संशोधन.” ते म्हणाले, “माझ्या पेशंटनं दचकून तोंड मिटलं हो. माझं बोट आत होतं.”

पोरगी आधी पोटभर हसली. मग माझा पाय मांडीवर घेऊन बर्फ लावत बसली, आणि तेवढ्यात टाचही मोजून घेतली.

लोभ आहेच, आणखी वाढवलास तर ठेवायला जागा नाही.

तुझा धाकटा, तूर्त लंगडा भाऊ

ता. क. चप्पल सापडली. तिच्या अर्ध्या भरलेल्या बॅगेत होती; नमुना म्हणून नेते आहे. जिथे ती हाडे जमिनीतून निघतात, तिथून तिला तीन वर्षांसाठी बोलावणे आले आहे. तुला सांगायला घाबरते, म्हणून मी कळवतो आहे.

आणखी ता. क. तिला ‘जा’ असे तूच लिही. ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली आहे आणि मला ते म्हणवत नाही. ती गेल्यावर या घरात मी एकट्याने काय करायचे, हे मला खरेच कळत नाही.